बारा वावांचा दोर

निलेशचा फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. वेळ नेमकी सांगता येते, कारण चार वाजता मैदानावर जायचे म्हणून मी घड्याळाकडेच पाहत होतो. निवृत्त होऊन वर्ष उलटले तरी आठवड्यातून तीनदा शाळेच्या मैदानाच्या कडेला जाऊन बसण्याची माझी सवय सुटलेली नव्हती. निलेश एरवी मोठ्याने बोलतो. ट्रॉलरवर इंजिनाच्या आवाजात वावरणाऱ्या माणसांचे बोलणे तसेच होते. त्या दिवशी मात्र तो इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावे लागले. "सर, सदाभाऊ गेले. जेवून पडवीत बसले होते. वहिनी पाणी घेऊन गेल्या तर..." मग त्याने विचारले, "सर, पोरं चारला येतील. आज दोर काढू की नको?" मी "नको" म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवल्यावर जाणवले, की या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार ज्या एका माणसाला होता तो आता नव्हता, आणि त्या दोराविषयी काहीही सांगण्याचा अधिकार मी फार पूर्वी गमावलेला होता. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. सदाभाऊंविषयी लिहायचे तर त्या दोराविषयी लिहावे लागेल, आणि दोराविषयी लिहायचे तर माझ्या एका चुकीविषयी. तिन्ही गोष्टी क्रमाने सांगतो.

सदानंद हातिसकर हे नाव बहुतेक वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते फुटबॉल खेळले, आणि तोही बचावफळीत. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापले जाते; जो गोल झालाच नाही तो कोणी अडवला, हे कुठेच छापले जात नाही. सदाभाऊ मूळचे मिरकरवाड्याचे. सतराव्या-अठराव्या वर्षी मामाकडे मुंबईला गेले, गोदीतल्या एका कंपनीच्या संघात लागले आणि उजवा गुडघा निकामी होईपर्यंत त्या संघाचे स्टॉपर बॅक म्हणून खेळले. एकदा मी त्यांना विचारले की इतक्या वर्षांची काही कात्रणे तरी जपली आहेत का. ते म्हणाले, "पेपरात नाव एकदाच आलं, मास्तर. आपल्याच गोलात बॉल गेला तेव्हा." मी विचारले, हे कसे झाले? "गोली पुढे आला होता. त्याची जागा भरायला मी मागं पळालो." मग चूक गोलीची, असे मी म्हणालो. चूक कोणाची हे ठरवल्याशिवाय मला चैन पडत नसे. ती माझ्या व्यवसायाची सवय होती. सदाभाऊंनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "बॉल माझ्या पायाला लागला ना? मग?"

१९९८ च्या जूनमध्ये ते रत्नागिरीला कायमचे परत आले. कंपनीचा संघ मोडला होता. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांना सकाळपाळीचे काम मिळाले. तीन वाजता पाळी सुटे आणि चार वाजता ते सायकल हातात धरून, चढ चालत, आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत. मुलांना फुटबॉल शिकवतो, एवढेच त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले होते. शाळेच्या बाजूने कोणी एक शिक्षक हजर असायला हवा, असा नियम. शेवटचा तास मला मोकळा असे, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी भूमिती शिकवत असे. फुटबॉलमध्ये एका बाजूला किती जण असतात, हेही मी पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतले.

आमचे मैदान सड्यावर आहे. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वर बोटभर लाल माती आणि खाली जांभ्याचा सलग दगड. मातीतून दगडाच्या कडा जागोजागी वर आलेल्या असतात आणि त्या किसणीसारख्या खरखरीत असतात. त्यामुळे सदाभाऊंचा पहिला नियम असा, की बॉल काढून घेण्यासाठी कोणी जमिनीवर घसरायचे नाही. "मेल्यांनो, इथं घसरलात तर कातडं इथंच ठेवून घरी जाल. उभं राहून अडवायचं. जो पडला तो संपला." दुसरा नियम दोराचा. त्यांनी बंदरातून जुन्या जाळ्याचा एक नायलॉनचा दोर आणला, त्यावर ठरावीक अंतराने चार लाल चिंध्या बांधल्या आणि बचावफळीतल्या चौघांच्या हाती एकेक चिंधी दिली. चौघांनी तो दोर उजव्या मुठीत धरून एका रेषेत पुढे-मागे, डावी-उजवीकडे पळायचे. दोर जमिनीला टेकला तर दोघे जवळ आले आहेत आणि दुसरीकडे कुठेतरी भोक पडले आहे. ताणला गेला तर कोणीतरी जागा सोडली आहे. मुले दमून जात, एकमेकांना शिव्या देत. मात्र महिन्याभरात मला त्या चार बिंदूंमधून जाणारी एक रेषा खरोखर दिसू लागली. रेषा सरके, वळे, पण मोडत नसे. वर्गात जे मी खडूने दाखवत होतो ते इथे धावत होते.

साहजिकच मी अंतराची चौकशी केली. दोन चिंध्यांमध्ये चार वाव, असे उत्तर आले. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे एक वाव. बंदरात दोर, जाळी आणि पाण्याची खोली याच मापाने मोजतात. मी आक्षेप घेतला की हे माप माणसागणिक बदलणार. दुसऱ्या दिवशी पट्टी आणून मी सदाभाऊंचे हात पसरून मोजले, आणि मुले हसत असताना आकडा वहीत लिहिला: एक मीटर बहात्तर सेंटिमीटर. म्हणजे दोन मुलांमध्ये सहा मीटर अठ्ठ्याऐंशी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा वाव, वीस मीटर चौसष्ट. "आता सात मीटर पुरे करू या," मी सुचवले. "कशाला?" सदाभाऊ म्हणाले. "धावणार माणूस आहे की फूटपट्टी?" दुसरी गोष्ट मला अधिक खटकत असे. दोर हातात धरल्यामुळे कोपर वाकला की अंतर कमी होई आणि हात लांब केला की वाढे. मापात दोन-अडीच फुटांची गफलत राही. मी म्हणालो, दोर कमरेला बांधला तर अंतर अचूक राहील. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "दोर अंगाला बांधायचा नाय, मास्तर. कधीच नाय. हातात धरायचा, म्हणजे वेळ आली की सोडता येतो." बोटीवर हा पहिला धडा असतो, असे त्यांनी सांगितले; जाळे पाण्यात सुटते तेव्हा दोर ज्याच्या अंगाला असेल त्याला तो विचारत नाही, ओढून नेतो. हे वाक्यही मी वहीत लिहून घेतले. लिहून घेणे आणि समजणे यांत फरक आहे, हे आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो...

दुसऱ्या वर्षी आमचा संघ जिल्हा स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोहोचला. ती अलोऱ्याच्या कोयना वसाहतीतल्या मैदानावर व्हायची होती. शाळेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. फळीचा कर्णधार इरफान, मधल्या जागी. त्याच्या डावीकडे, टोकाला, नववीतला निलेश. स्पर्धेला दहा दिवस उरले असताना एका दुपारी इरफान निरोप घेऊन आला: "सर, कारखान्यात मशीन बंद पडलंय, बोटी खोळंबल्यात. सदाभाऊंना यायला उशीर होईल. नुसतं पळवा म्हणालेत. दोर काढू नका, असं पण सांगितलंय." निरोप स्पष्ट होता. मी दोर काढला. का काढला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर एकच येते. वर्षभर मनात घोळणारी माझी अचूक रचना एकदा, सदाभाऊंच्या गैरहजेरीत, करून पाहायची होती. चौघांच्या कमरेला मी स्वतः गाठी मारल्या. इरफान म्हणाला, "सर, हे असं नको ना." मी म्हणालो, "पाच मिनिटं."

पाच मिनिटेही लागली नाहीत. पहिल्या दोन फेऱ्या इतक्या देखण्या झाल्या की मी मनाशी सुखावलो. तिसऱ्या वेळी मी बॉल समोरून टाकला. इरफान झेपावून पुढे गेला. त्याच क्षणी निलेश, त्याला शिकवले होते त्याप्रमाणे, मागची जागा भरायला मागे वळला होता. दोर ताठ झाला. हातात असता तर निलेशने मूठ उघडली असती. तो उचलल्यासारखा आडवा फेकला गेला आणि डाव्या खांद्यावर, वर आलेल्या जांभ्याच्या कडेवर पडला. आवाज मी ऐकला. गळ्याखालचे, हासळीचे हाड मोडले होते. मी त्याच्याजवळ बसून गाठ सोडवू लागलो, पण ती सुटेना. निरगाठ होती आणि ओढ बसून ती दगडासारखी झाली होती. तेवढ्यात फाटकाशी सायकल पडल्याचा आवाज झाला. सदाभाऊ लंगडत धावत आले, मला हाताने बाजूला सारले, खिशातून बर्फाच्या गोणी उसवायची सुरी काढून दोर कापला आणि कापलेली गाठ क्षणभर तळहातावर धरून पाहिली. अशी गाठ बंदरातला कोणीही माणूस मारणार नाही. त्यांनी ती खिशात टाकली. "इरफान, रिक्षा आण. पळ."

तीन दिवसांनी शालेय समितीची सभा भरली. सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. माझे अक्षर चांगले म्हणून वर्षानुवर्षे ते माझ्याकडेच असे. त्या वर्षी पर्यवेक्षकपदासाठी माझे नाव पुढे होते, हेही इथेच सांगून टाकतो. निलेशचे वडील बंदरातून तसेच आले होते, दारातच उभे राहिले आणि बसायला नको म्हणाले. "पोरांना काय बैलासारखा दोर बांधता? ही शाळा आहे की गोठा?" अध्यक्षांनी सदाभाऊंकडे पाहिले. "हातिसकर, दोर तुमचा?"

"माझा."

"मुलांना बांधला होता, हे खरं?"

"होय."

"कोणी बांधला?"

माझे पेन कागदावर टेकलेले होते. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. मी उठणार होतो. निदान आजही मला तसे वाटते. सदाभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. "सराव माझा, दोर माझा. मी जागेवर नव्हतो. मी असतो तर झालं नसतं. चूक माझी." प्रत्येक शब्द खरा होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. अध्यक्षांना ते पुरेसे वाटले. पुढील निर्णय होईपर्यंत प्रशिक्षकांनी मैदानावर पाऊल ठेवू नये आणि संघाला अलोऱ्याला मी घेऊन जावे, असे ठरले. ते सर्व मी सुवाच्य अक्षरात लिहिले. निलेशचे वडील जाताना सदाभाऊंच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "तू आपल्यातला म्हणून पोरगा पाठवला होता, सदा."

दुसऱ्या दिवशी मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. ते आकड्याने लाद्या ओढत होते. बर्फाचा चुरा त्यांच्या पायांवर उडत होता. मी म्हणालो, मुख्याध्यापकांकडे जातो आणि सांगून टाकतो. त्यांनी लादी सोडली नाही. "आज सांगितलंत तर काय होईल? मी बाहेर आहेच, तुम्ही पण बाहेर. आठवड्याने पोरांना अलोऱ्याला कोण नेणार? शाळेचा शिक्षक सोबत नाय तर संघाचं नाव कापतात." मी म्हणालो, पण तुम्ही कशाला... "मास्तर, तुमची जागा सुटली. मागं मी होतो. बॉल मी बाहेर काढला. आता त्यावर व्याख्यान नको." मग त्यांनी लादी खाली टेकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "मॅचच्या वेळी ओरडू नका. इरफानला सगळं कळतं. निलेशच्या जागी जो उभा राहील त्याला फक्त एवढंच सांगा, की इरफानकडे बघ, बॉलकडे नको." मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "आणि गाठी मारू नका कुठे!" कारखान्यातली माणसे हसली. त्यांना कशाविषयी आहे ते माहीत नव्हते. मलाही हसावे लागले.

अलोऱ्याचे मैदान आमच्या मुलांनी पाहिले आणि ती कडेलाच थांबली. सरळ रांगांमधल्या वसाहतीच्या घरांपुढे हिरवे, मऊ मैदान. त्यावर बॉल उसळतच नव्हता. सड्यावर उसळणाऱ्या बॉलची वाट पाहायला शिकलेली आमची मुले इथेही वाट पाहत राहिली आणि समोरचा खेडच्या शाळेचा संघ त्यांच्या पायांतून बॉल नेऊ लागला. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा बॉल गोलखांबाला लागून परत आला. कडेला बसलेले त्यांचे पालक ओरडत होते, "रत्नागिरीकर, आंबे विकायला आलात काय रे?" मी ओरडलो नाही. हातातल्या वहीचा कोपरा मी चावत होतो, हे नंतर पाहिले. निलेश गळ्यात झोळी अडकवून माझ्या शेजारी बसला होता. हट्ट करून आला होता, आणि आश्चर्य म्हणजे वडिलांनी पाठवले होते. तोच अचानक म्हणाला, "सर, त्यांच्या मुठी बघा."

मी पाहिले. चौघांच्याही उजव्या मुठी मिटलेल्या होत्या. पळताना, वळताना, मागे सरताना त्या मुठी उघडत नव्हत्या. नसलेला दोर धरून ती पोरे पळत होती. इरफान एक पाऊल मागे आला की तिघेही एक पाऊल मागे येत; डावीकडे नवा मुलगा घाबरून पुढे निघाला की इरफान मूठ हलकेच मागे ओढे आणि तो थांबे. रेषा सावरली. त्यानंतरचा तासभर मी श्वास मोजत काढला. खेडची मुले वेगवान होती, एकामागून एक येत राहिली, आणि प्रत्येक वेळी कुठूनतरी एक पाय मध्ये येऊन बॉल बाहेर जात राहिला. आमच्याकडूनही गोल झाला नाही. शेवटी टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. मुले तिथेच मैदानात बसली. निलेश मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, आता?" त्याने एवढेच विचारले. दोर कोणी बांधला हे त्याने घरी सांगितलेले नव्हते. चौघांपैकी कोणीच सांगितले नव्हते. नववी-दहावीतल्या मुलांनी माझी मोकळी जागा दहा दिवस भरून काढली होती.

वसाहतीतल्या टेलिफोन बूथवरून मी बर्फाच्या कारखान्यात फोन लावला. सदाभाऊ फोनजवळच असावेत. "किती?" शून्य-शून्य, टायब्रेकरला हरलो, मी सांगितले. पलीकडे बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. "शून्य?" त्यांनी पुन्हा विचारले. "फळीनं एकही दिला नाय?" नाही, म्हणालो. मग ते म्हणाले, "पोरांना चिपळूणला वडे खायला घाला. आणि ती नवीन बॅकला उभी होती ती मूर्ती, तिला सांगा की सदाभाऊ येऊन कान धरणार आहेत. बॉलकडेच बघत होती ना?" हे त्यांना कसे कळले, मला ठाऊक नाही. कदाचित नवा बॅक नेहमीच बॉलकडे पाहतो.

परतीच्या प्रवासात मला एवढेच कळत होते की आता माझ्याजवळ कारण उरलेले नाही. पुढच्या आठवड्यात समितीची सभा होती. वाचकांपैकी जे कोणी संस्थांमध्ये काम करतात त्यांना पद्धत ठाऊक असेल: सभेच्या आरंभी मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. वाचणारा वाचतो, बाकीचे चहा घेतात आणि शेवटी सर्व जण मान हलवतात. सदाभाऊंना निर्णय ऐकण्यासाठी बोलावले होते. ते खिडकीजवळ उभे होते. निलेशचे वडीलही आले होते. मी वाचू लागलो आणि प्रशिक्षकांनी चूक मान्य केली या ओळीपर्यंत आलो. तिथे थांबलो. म्हणालो, "यात दुरुस्ती आहे." अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "कसली?" माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला नाही. "दोर बांधू नये अशी प्रशिक्षकांची सूचना होती. काढूही नये असा निरोप होता. तो मी काढला आणि मी बांधला. मागच्या सभेत मी इथेच बसलो होतो आणि बोललो नाही. हेही लिहावं लागेल." मी ते तिथेच, सर्वांसमोर, लिहिले. अक्षर चांगले आले नाही.

निलेशचे वडील पुढे आले. मला वाटले ते हात उगारतील. त्यांनी सदाभाऊंकडे पाहिले, मग माझ्याकडे. "गाठ कसली मारलीत?" मला प्रश्न कळला नाही. सदाभाऊंनी खिशात हात घालून ती कापलेली गाठ टेबलावर ठेवली. इतके दिवस ती त्यांच्याजवळ होती. निलेशच्या वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली. "निरगाठ! अहो मास्तर, सुरगाठ तरी मारायची, ओढली की सुटली असती. बोटीवर असतात तर पहिल्याच दिवशी तुम्हाला बंदरात उतरवून आलो असतो." त्यांनी गाठ परत टेबलावर ठेवली. "पोरगं माझं आहे," ते पुढे म्हणाले, "त्याचं हाड मोडलंय. ते मी विसरणार नाय. पण उद्यापासून सदा मैदानात नसेल, तर पोरगा पण नसेल." सभेने सदाभाऊंवरची बंदी उठवली. मला लेखी समज मिळाली आणि पर्यवेक्षकपद एका सहकाऱ्याकडे गेले. दोन्ही योग्यच झाले.

सदाभाऊ मात्र माझ्यावर रागावले. खरोखर रागावले, आठवडाभर बोलले नाहीत. नंतर एके दिवशी मैदानाच्या कडेला माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून, मुलांवरची नजर न काढता म्हणाले, "बॉल बाहेर गेला होता, मास्तर. तुम्ही तो हातानं आत आणलात." मी म्हणालो, नियमाप्रमाणे तेच योग्य होते. "तुमच्या नियमाप्रमाणे," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "निलेश विचारत होता, सर येतात ना म्हणून. येत जा." त्यांनी कापलेल्या दोराला तुकडा जोडून ती चिंधी पुन्हा चार वावांवर बांधली होती. मी येत गेलो. त्या दोराला मात्र मी पुन्हा हात लावला नाही. मुले खेळ आटोपून निघताना तो माझ्यापाशी ठेवू लागली, तर मी त्यांना खेळाच्या सामानाच्या खोलीतली खुंटी दाखवत असे.

पुढची आठ-नऊ वर्षे ते नेमाने आले. गुडघा बिघडत गेला, मग उभे राहण्याऐवजी ते जांभ्याच्या चिऱ्यावर बसू लागले, मग प्लास्टिकच्या खुर्चीवर. इरफान कामानिमित्त आखातात गेला. निलेश वडिलांच्या ट्रॉलरवर लागला, आणि बोट बंदरात असेल तेव्हा सदाभाऊंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहू लागला. हळूहळू मुलांना हाका त्याच्याच जाऊ लागल्या. गेल्या जानेवारीत सदाभाऊंनी मला निरोप दिला की येताना पट्टी आणा. मी आणली. "निलेशचा वाव मोजा," ते म्हणाले. "आता हा शिकवणार. चिंध्या ह्याच्या मापानं बांधायला हव्यात." निलेशने हात पसरले. मी छातीच्या मध्यापासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, सवय. डावी बाजू उजवीपेक्षा दीड सेंटिमीटर कमी भरली. हाड जुळताना मोडलेली टोके एकावर एक चढली होती. पट्टी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. निलेश माझ्याकडे पाहत होता, आणि सदाभाऊ आम्हां दोघांकडे. "किती?" त्यांनी विचारले. मी दोन्ही बाजूंची बेरीज सांगितली. "लिहा वहीत," ते म्हणाले. मी लिहिले. "लिहिलंत? मग पट्टी गुंडाळा. वर्षं किती झाली..." चिंध्या बदलायचे पुढच्या आठवड्यावर गेले, आणि त्याच्या पुढच्या. ते राहूनच गेले.

बाराव्या-तेराव्याचे सारे आटोपल्यावर निलेशने पुन्हा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा तो खोलीतून दोर घेऊन येत होता. मी विचारले, चिंध्या तुझ्या मापाने बांधायच्या होत्या ना? त्याने दोर हातावर घेतला आणि दोन चिंध्यांमधला एक भाग सरळ करून पाहिला. "राहू दे, सर. हे त्यांचेच हात आहेत." त्याने ते इतक्या सहज म्हटले, की मी वहीत पाहत असल्याचे सोंग केले. खरेच होते ते. त्या दोरावर चिंधीपासून चिंधीपर्यंत चार वेळा, आणि टोकापासून टोकापर्यंत बारा वेळा, सदाभाऊ हात पसरून उभे आहेत.

परीक्षा जवळ आली होती. फळीतली तीनच मुले आली. तिघे आपापल्या चिंध्या धरून उभे राहिले आणि चौथे टोक, डावीकडचे, मातीत पडून राहिले. निलेशने ते उचलले. इकडेतिकडे पाहिले, आणि सरळ माझ्यापुढे आणून धरले. "धरा, सर." मी म्हणालो, अरे, माझे वय... मी तो दोर... "नुसता धरायचा," निलेश म्हणाला. "बांधायचा नाय." मुलांना त्यातले काही ठाऊक नव्हते, तरी ती हसली. मी वही चिऱ्यावर ठेवली, चष्मा तिच्यावर ठेवला आणि ती चिंधी उजव्या मुठीत धरली. नायलॉन जुना झाला की त्याचे तंतू बोटांना टोचतात, हे मला माहीत नव्हते.

"हळूहळू पुढं," निलेशने हाक दिली. आम्ही निघालो. चार पावलांतच माझ्याकडचा दोर जमिनीला टेकला. "सर, ढिला पडतोय!" शेजारचा मुलगा ओरडला. "जागेवर या!"

मी अर्धे पाऊल डावीकडे सरकलो.